‘कायदा’ आणि ‘कायद्याचे बळ’: मतदारसंघांच्या सीमांविषयीच्या न्यायनिर्णयांचे एक वाचन

मतदारसंघांच्या सीमांविषयी आपल्या न्यायालयांनी दिलेल्या निर्णयांची चर्चा विधीच्या व राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. भाषेच्या अभ्यासकाने तीत भाग घ्यावा, याचे समर्थन एवढेच की, या निर्णयांपैकी सर्वांत प्रभावी ठरलेला निर्णय एका शब्दप्रयोगाच्या अर्थावर उभा आहे, आणि तो अर्थ आमच्या मते नीट लावला गेलेला नाही.

तो निर्णय म्हणजे मेघराज कोठारी विरुद्ध परिसीमन आयोग हा १९६६ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा होय. उज्जैनचा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव करणाऱ्या आदेशास तेथील एका मतदाराने हरकत घेतली होती. संविधानाच्या ३२९ व्या अनुच्छेदाच्या (क) खंडानुसार सीमा ठरविणाऱ्या ‘कायद्या’ची विधिग्राह्यता कोणत्याही न्यायालयात प्रश्नास्पद करता येत नाही. उलटपक्षी, १९६२ चा परिसीमन आयोग अधिनियम एवढेच सांगत होता की, आयोगाचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर त्यास ‘कायद्याचे बळ’ प्राप्त होईल व तो कोणत्याही न्यायालयात प्रश्नास्पद करता येणार नाही. या दुसऱ्या वाक्यांशाने एकट्याने आदेशाचा बचाव होत नाही, हे न्यायालयाने स्वतःच मान्य केले. मग बचाव झाला कशाने? ज्यास कायद्याचे बळ आहे तो कायदाच, आणि कायदा म्हणजे ३२९ चे कवच, या दोन पायऱ्यांनी.

पहिली पायरी डळमळीत आहे. लग्नघरी नवरदेवास राजाचा मान असतो. तेवढ्याने त्याच्या हाती कोणी राज्य सोपवीत नाही. ‘अमक्याचे बळ असलेला’ ही रचनाच मुळी दोन वस्तू भिन्न आहेत हे गृहीत धरते. त्या एकच असत्या तर बळ देण्याचे प्रयोजन उरले नसते. यावर कोणी म्हणेल की विधीची भाषा व्यवहाराच्या भाषेहून निराळी असते. मान्य आहे. म्हणून संविधानाचीच साक्ष काढू. १३ व्या अनुच्छेदात ‘कायदा’ या शब्दात आदेश, नियम, अधिसूचना, इतकेच काय पण कायद्याचे बळ असलेली रूढीही समाविष्ट केली आहे. मात्र ही व्याख्या ‘या अनुच्छेदात’ असे बजावून केली आहे. ज्यांना शब्दाचा पैस वाढवावयाचा होता त्यांनी तो स्पष्टपणे वाढविला, आणि जेथे वाढविला नाही तेथे तो वाढलेला नाही, असे समजणे हा वाचनाचा साधा नियम आहे.

न्यायालयास हा नियम ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? शब्दाच्या मागे एक भीती होती, आणि ती निवाड्यात बोलूनही दाखविली आहे. सीमांवर वाद घालता आला तर कोणीही मतदार या न्यायालयातून त्या न्यायालयात जाऊन निवडणूक अनिश्चित काळ अडवून धरील, अशी ती भीती होती. म्हणजे सीमेला मिळालेले संरक्षण सीमेसाठी नव्हे, निवडणूक वेळेवर व्हावी यासाठी होते. सौदा असा होता की, मतदाराने रेषेविषयीचा प्रश्न सोडावयाचा व मोबदल्यात त्याला वेळेवर मतदान मिळावयाचे.

या सौद्याची कसोटी महाराष्ट्रात लागली. २४३-ण आणि २४३-यछ या अनुच्छेदांनी हेच कवच पंचायती व नगरपालिकांच्या सीमांनाही दिले आहे. असे असता वर्धा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिच्या ५२ गटांचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे २४३-ङ हा अनुच्छेद सांगतो. विकास गवळी प्रकरणी ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गाच्या आरक्षणास तिहेरी कसोटी लावली. वाशीमहून उद्भवलेल्या या वादाचे परिणाम सर्व राज्यावर झाले. मार्च २०२२ मध्ये राज्याने प्रभागरचनेचा अधिकार आयोगाकडून आपल्याकडे घेतला. ४ मे २०२२ रोजी न्यायालयाने, ११ मार्चपूर्वीची रचना धरून निवडणुका घ्या, असे सांगितले. ऑगस्टमध्ये ‘जैसे थे’चा आदेश आला. मुंबईत नगरसेवकांची संख्या २२७ वरून २३६ झाली व पुन्हा २२७ वर आली. अखेर ६ मे २०२५ च्या आदेशाने चार महिन्यांची मुदत घातली, ती पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली.

या सर्व काळात एखाद्या मतदाराने रेषेवर वाद घालून निवडणूक अडविली असे घडले नाही. ती अडली राज्याच्या फेरबदलांनी, आरक्षणाच्या वादाने व खुद्द न्यायालयाच्या ‘जैसे थे’ने. (‘जैसे थे’ हा शब्दही मोठा लबाड आहे, ज्या स्थितीत लोकप्रतिनिधीच नाहीत ती स्थितीही तो निर्विकारपणे जपतो.) मतदाराने किंमत मोजली, माल मात्र मिळाला नाही.

किशोरचंद्र राठोड प्रकरणी जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने दार किलकिले केले: सीमांचा आदेश उघडउघड स्वैर व संविधानाच्या मूल्यांशी विसंगत असेल तर तो तपासता येईल. स्वागतार्ह खरे; परंतु बारडोली मतदारसंघाविषयीचा तो आदेश २००६ चा होता, आणि अठरा वर्षांनी तपासणीचा अधिकार मान्य होऊन अर्जदाराच्या हाती काहीच पडले नाही. आमच्या मते अधिक उपयुक्त सूत्र प्रधान संघ प्रकरणातील (१९९५) आहे. हरकती मागविल्या नाहीत, सुनावणी दिली नाही, एवढ्या कारणावर आणि निवडणुकीची अधिसूचना निघण्यापूर्वी पंचायतीच्या सीमांना आव्हान देता येते. यात निवडणूकही अडत नाही आणि मतदारही मुका राहत नाही. मात्र जुलै २०२५ मध्ये गट-गणांचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी मिळालेली आठवडाभराची मुदत या सूत्रास पुरेशी आहे काय, हे कोणी तपासावयास हवे.

सावंगी (मेघे) येथील वाचकास ही चर्चा दूरची वाटू नये. सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे) यांप्रमाणे हे गावही वर्धा शहरास लागून, पण ग्रामपंचायतीचे. म्हणून येथील मतदार नगरपालिकेचा नव्हे, तर गट व गणाचा. गटांच्या रेषा जनगणनेतील लोकसंख्येवर आखतात, मतदारयादीवर नव्हे. वसतिगृहातील विद्यार्थी जनगणनेत येथे मोजला जातो. मत मात्र तो बहुधा आपल्या गावी देतो. त्याच्या संख्येने येथील गटाचे वजन भरते आणि त्या वजनाचा लाभ येथील कायम रहिवाशांच्या मतास मिळतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे इव्हनवेल विरुद्ध अ‍ॅबट (२०१६) मध्ये हाच प्रश्न आला होता, आणि एकूण लोकसंख्या हा आधार त्याने ग्राह्य मानला. निर्णय पटो वा न पटो, तेथे प्रश्न विचारता आला. आपल्याकडे रेषा एकदा राजपत्रात उमटली, की असा प्रश्न ‘कायद्याचे बळ’ या दोन शब्दांपाशीच अडतो.