अपंगत्वाची व्याख्या आणि टक्केवारी

१९९५ च्या अधिनियमाची जागा २०१६ च्या अधिनियमाने घेतली, तेव्हा अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले आणि सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ वर गेले. या वाढीपेक्षा नव्या व्याख्येचे मोल मोठे आहे. जुन्या कायद्याच्या लेखी ४० टक्के अपंगत्वाचा वैद्यकीय दाखला असलेला तो अपंग. नव्या कायद्यानुसार दीर्घकालीन उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या संयोगाने ज्याचा समाजातील सहभाग खुंटतो, तो अपंग. म्हणजे दोषाचा काही वाटा समाजाकडे आला.

परंतु त्याच कलमात ४० टक्क्यांचा उंबरठा पुन्हा अवतरतो, आणि आरक्षण त्यापलीकडच्यांनाच मिळते. चाकाच्या खुर्चीतील मनुष्य कचेरीच्या जिन्यापाशी किती अपंग होतो, हे दाखल्यावर उमटत नाही.

केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन योजनेची अट तर ८० टक्क्यांची आहे. ६० टक्क्यांचा दाखला असलेला दरिद्री मनुष्य आरक्षणास पात्र, या वेतनास अपात्र! पात्र ठरणाऱ्यास वयाच्या ७९ व्या वर्षापर्यंत केंद्राचे महिना ३०० रुपये मिळतात (बहुतेक राज्ये त्यात आपापली भर घालतात). हा दर २०१२ पासूनचा आहे.

‘दिव्यांग’ या शब्दावर पुष्कळ चर्चा झाली. कलम २४ मधील ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या शब्दांची चिकित्सा अधिक अगत्याची होती. ते संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदातून आले आहेत खरे. मात्र तेथे ते न्यायालयाकरवी बजावता न येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेत, आणि येथे हक्कांच्या अधिनियमात.