शीर्षकाखाली कोण बोलते?

वि. स. खांडेकरांची 'ययाति' उघडली की प्रकरणाच्या माथ्यावर प्रसंगाचे वा स्थळाचे नाव दिसत नाही. दिसते ते माणसाचे: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. ज्याचे नाव, त्याचेच निवेदन. पुष्कळ जुन्या कादंबऱ्यांत मथळ्यावरूनच पुढील घटनेचा सुगावा लागे. इथे मथळा केवळ साक्षीदाराला पुकारतो. एकच चरित्र निरनिराळ्या नावांखाली वाचणे आमच्या वाचकांस नवे नाही. मत्तय, मार्क, लूक, योहान हे आपण जाणतोच. मात्र शुभवर्तमानकार स्वतःची कैफियत मांडत नाहीत. खांडेकरांचा प्रत्येक निवेदक वादी आहे आणि प्रतिवादीही.

खांडेकर १८९८ साली सांगलीस जन्मले, १९७६ साली मिरजेत निवर्तले. 'ययाति' १९५९ची. (त्या वर्षी जिल्ह्याच्या माथ्यावरही 'दक्षिण सातारा' हेच शीर्षक होते, 'सांगली' हे नाव १९६०चे.)

या रचनेचा सर्वांत मोठा लाभ देवयानीला झाला, असे आम्हांस वाटते. गर्विष्ठ म्हणून तिला बाजूस सारण्याची वाचकाला सवय असते. पण तिचे नाव वर ठेवून ती 'मी' म्हणू लागली, की कचाने नाकारल्याचे तिचे दुःख ऐकून घ्यावेच लागते. राणी आणि तिची दासी झालेली राजकन्या यांना शीर्षकाचा मान मात्र सारखाच.

तक्रारीला जागा आहे. नावे तीन, पण स्वर बहुधा एकच. उपमांची तीच आरास, सुभाषिताकडे झुकणारे तेच वाक्य. शीर्षकावर हात ठेवून एखादा उतारा वाचावा. निवेदक ओळखायला प्रसंगाचाच आधार घ्यावा लागतो.

त्याहून आम्हांस बोचते ते न आलेले शीर्षक. कच इतरांच्या निवेदनांतूनच भेटतो, हे योग्यच झाले. तो स्वतः बोलता तर कथेचे प्रवचन झाले असते. पण पुरू? शुक्राचार्यांच्या शापाने आलेले पित्याचे वार्धक्य जो स्वतःवर घेतो, त्याच्या नावाचे एकही प्रकरण नाही. ज्याने किंमत मोजली, त्याची हकिकत इतरांनीच सांगायची! शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) नऊ भागांपैकी चार कर्णाचे आहेत. तरी कुंती, दुर्योधन, वृषाली, कृष्ण यांच्याबरोबर शोण या धाकट्या भावालाही आपल्या नावाचा एक भाग मिळाला. पुरूला एवढी जागा द्यायला हवी होती.