सोल यांचे आकडे

परामानसशास्त्राचा विषय निघाला की अमेरिकेच्या जे. बी. ऱ्हाईन यांचे नाव घेतले जाते. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात गणित शिकवणारे सॅम्युअल सोल (१८८९–१९७५) मात्र विस्मरणात गेले. आमच्या मते वर्गात सांगण्याजोगी हकिकत सोल यांचीच आहे.

आरंभी ते ऱ्हाईन यांचे कठोर टीकाकार होते. १९३४ ते १९३९ या काळात त्यांनी १६० जणांकडून सव्वा लाखाहून अधिक वेळा न पाहता पत्ते ओळखवून घेतले. हाती काही लागले नाही. मग व्हॉटली कॅरिंग्टन यांनी सुचवले की उत्तरे मागच्या-पुढच्या पत्त्यांशीही ताडून पाहावीत. जुने कागद पुन्हा चाळताना बेझिल शॅकल्टन हा छायाचित्रकार सापडला. १९४१ ते १९४३ मध्ये त्याच्यावर नव्याने प्रयोग झाले. सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रा व पेलिकन अशी पाच चित्रे होती. १ ते ५ या यदृच्छ अंकांच्या यादीनुसार एका खोलीत चित्र निवडले जाई आणि शेजारच्या खोलीत शॅकल्टन अंदाज लिही. तो जुळे पुढच्या चित्राशी! पाचात एक हे अपेक्षित प्रमाण इतके ओलांडले गेले की योगायोगाला जागाच उरली नाही. केंब्रिजचे तत्त्वज्ञ सी. डी. ब्रॉड यांच्यासारखे चिकित्सकही प्रभावित झाले.

परंतु संख्याशास्त्र इतकेच सांगते की हा योगायोग नव्हे. मग काय आहे, ते सांगत नाही. त्या उत्तरात टेलिपथी बसते, तशी खाडाखोडही बसते.

१९५५ साली ‘सायन्स’मध्ये जॉर्ज प्राइस यांनी लबाडीची शंका घेतली. पुरावा नव्हता, टेलिपथी विज्ञानाशी विसंगत, तेव्हा लबाडीच अधिक संभवनीय, असा एकूण युक्तिवाद. १९७२ मध्ये त्यांनी जाहीर माफीही मागितली. शंका पुढे खरी ठरली, तरी त्या लेखाला आम्ही चांगली टीका म्हणणार नाही. प्रयोगातल्या एका साहाय्यक बाईंनी सोल यांना यादीतल्या एकाचे चार-पाच करताना पाहिले होते म्हणे; ते छापून आले १९६० मध्ये. मूळ कागद पाहावेत, तर ते आगगाडीत हरवल्याचे सोल सांगत. उरल्या होत्या नकला.

त्या नकला घेऊन बेटी मार्कविक बसल्या, त्याही सोल निर्दोष ठरावेत या आशेने. त्यांना दिसले की यादीतल्या काही अंकमालिका पुन्हा पुन्हा वापरलेल्या आहेत आणि मध्येच एखादा जादा अंक घुसडलेला आहे. असा अंक आला की शॅकल्टनचे उत्तर बहुधा बरोबर! सोल यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, हे प्रसिद्ध झाले. जादा अंक वगळून मोजणी केली तेव्हा शॅकल्टनचे यश योगायोगाच्या पातळीवर उतरले.