धुपाचा निवाडा

१८९९ सालीं कँटरबरी व यॉर्क येथील आर्चबिशपांनीं लँबेथ येथें निवाडा दिला कीं, १५५९ च्या कायद्यान्वयें इंग्लंडच्या चर्चमध्यें उपासनेचा विधि म्हणून धूप जाळतां येणार नाहीं. इमारतींतील हवा सुगंधित करण्यापुरता जाळल्यास मात्र हरकत नाहीं! कायद्याचा अर्थ बरोबरहि असेल. परंतु ही सवलत आम्हांस बंदीहून अधिक अपमानकारक वाटते. प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायांत सोन्याच्या धुपाटण्यांतील धूर पवित्र जनांच्या प्रार्थनांसह देवासमोर चढतो. उलट, इ. स. ११२ च्या सुमारास ‘आम्ही ख्रिस्ती नव्हे’ म्हणणारांस प्लिनी सम्राटाच्या प्रतिमेपुढें धूप वाहावयास लावी. खरा ख्रिस्ती तें कदापि करणार नाहीं, हें त्याच्या कानीं आलेलें होतें. ज्या धुपापायीं माणसांचे जीव पणास लागले, त्यास आर्चबिशपांनीं फिनेलच्या पंक्तीस बसविलें.