गायिकेसाठी पुन्हा लिहिलेली कविता

डब्ल्यू. एच. ऑडनची 'फ्यूनरल ब्लूज' आज निखळ विलापिका म्हणून वाचली जाते. मुळात ती ऑडन-इशरवुड यांच्या 'द असेंट ऑफ एफ सिक्स' (१९३६) या नाटकातील, एका राजकारण्याच्या मृत्यूचे विडंबन करणारे गीत होती. पुढे अभिजात गायनाचे शिक्षण घेतलेल्या हेडली अँडरसनला कॅबरेत गाता यावी म्हणून ऑडनने तिचा उत्तरार्ध बदलला. राजकारणी गेला, प्रियकर आला. अतिशयोक्ती मात्र तशीच राहिली. विडंबनात हास्यास्पद ठरणारी तीच भाषा येथे आर्त होते. या अर्थांतराचे श्रेय एकट्या कवीला देणे म्हणजे संहितेच्या स्वायत्ततेचा (समीक्षेला सोयीचा) आग्रह धरणे होय. त्यात बेंजामिन ब्रिटनच्या स्वररचनेचा आणि जिच्यासाठी हे सारे घडले त्या कंठाचाही वाटा आहे. ब्रिटनची ही कॅबरेगीते त्याच्या मृत्यूनंतर, १९८० साली छापली गेली. तोवर कविता पुस्तकात एकटीच नांदत होती.