खेळाडूचे नाव आणि खेळाचा दर्जा

1980 सालच्या मे महिन्यात मॅजिक जॉन्सन या वीस वर्षांच्या नवख्या बास्केटबॉलपटूने जायबंदी झालेल्या करीम अब्दुल-जब्बारच्या जागी उभे राहून 42 गुण मिळविले आणि लॉस एंजेलिस लेकर्सला अजिंक्यपद मिळवून दिले, तेव्हा तो निर्णायक सामना अमेरिकेच्या बहुतेक भागांत रात्री उशिरा चित्रफितीवरून दाखविण्यात आला होता. ज्या व्यवसायाची पत इतकी खालावली होती, त्याचा कारभार 1984 मध्ये डेव्हिड स्टर्न यांच्या हाती आला. त्याच वर्षी मायकेल जॉर्डनचे पदार्पण झाले, पुढल्या वर्षी त्याच्या नावाचे बूट बाजारात आले, आणि संघापेक्षा माणूस विकणे सोपे असते हे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेला, म्हणजे एनबीएला, कायमचे उमगले. या धोरणाने संस्था तगली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु 1998 मध्ये जॉर्डनच्या अखेरच्या विजयाला लाभलेला विक्रमी प्रेक्षकवर्ग तो निवृत्त होताच पुढल्या वर्षी झपाट्याने ओसरला, यावरून लोकांना खेळाची गोडी लागली होती की एका पुरुषाची, याचा उलगडा होतो.

या धोरणाचा खरा स्वभाव प्रकट झाला तो नोव्हेंबर 2012 मध्ये. सॅन अँटोनियो स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी लागोपाठच्या प्रवासाने शिणलेल्या टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन यांना मायामीविरुद्धचा सामना न खेळविता घरी धाडले, आणि त्या सामन्याचे देशभर प्रक्षेपण ठरलेले असल्यामुळे स्टर्न यांनी संघाला अडीच लाख डॉलरांचा दंड ठोठावला. पूर्वसूचना दिली नाही व चाहत्यांवर अन्याय झाला, अशी सबब पुढे करण्यात आली. वस्तुतः राखीव खेळाडूंच्या त्या संघाने गतविजेत्यांशी अखेरच्या क्षणापर्यंत झुंज दिली व तो अवघ्या पाच गुणांनी हरला. मैदानावर जे घडले ते उत्तम बास्केटबॉल होते, आणि तरीही दप्तरी त्याची नोंद अपराध म्हणून झाली.

त्याच दोन संघांची 2014 ची अंतिम मालिका स्पर्सने 4-1 अशी जिंकली, आणि सांघिक खेळ कोणत्या उंचीला पोहोचू शकतो याचे इतके निर्मळ दर्शन मी क्वचितच पाहिले आहे. चेंडू कोणाच्याही हाती क्षणापेक्षा अधिक विसावत नसे. चांगली संधी असलेला खेळाडू ती सोडून अधिक चांगली संधी असलेल्या सहकाऱ्याकडे पास देई, तोही कित्येकदा तिसऱ्याकडे, आणि प्रतिपक्षाचा बचाव चेंडूमागे धावता धावता विस्कटून जाई. या कलेचे मर्म असे पाच जणांच्या परस्परसंबंधात असते, आणि नेमके तेच जाहिरातीच्या चौकटीत मावत नाही. एकट्याची उंच उडी दहा सेकंदांत दाखविता येते. तिच्यासाठी वाट मोकळी करून देणाऱ्याचा स्क्रीन, म्हणजे बचावपटूला रोखणारा आडोसा, मात्र कोणी पुन्हा दाखवीत नाही.

नामांकितांची मोट बांधून संघ होत नाही, हे अमेरिकेला 2004 साली दोनदा समजले: जूनमध्ये ओनील, ब्रायंट, मलोन आणि पेटन असे चार मातबर असलेल्या लेकर्सला डेट्रॉइटने 4-1 असे नमविले, आणि ऑगस्टमध्ये अथेन्स ऑलिंपिकमध्ये राष्ट्रीय संघ प्वेर्तो रिकोकडून 19 गुणांनी हरला. उलट, नाव नसलेल्याकडे कोणाचे लक्षही नसते: एनबीएच्या नवोदितांच्या निवडप्रक्रियेत निकोला योकिचची 2014 मध्ये 41व्या क्रमांकावर निवड झाली, त्या क्षणी दूरचित्रवाणीवर एका खाद्यपदार्थाची जाहिरात चालू होती. तोच पुढे तीनदा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

माझ्या मते आज खेळ निकृष्ट झालेला नाही. नेम, पदन्यास आणि डावपेच यांत तो पूर्वीपेक्षा संपन्नच आहे. निकृष्ट झाले आहे ते दाखविणे, आणि त्यायोगे पाहणे. प्रमुख पुरस्कारांसाठी किमान 65 सामन्यांची अट 2023 मध्ये घालण्यात आली, तीही हजेरीचीच तजवीज. हंगामातील 82 सामन्यांच्या रगाड्याला हात लावण्याचे धैर्य कोणी दाखविले नाही. नाव विकायचे आणि त्या नावाचा देह झिजवायचा, हा व्यवहार फार काळ चालणारा नाही. सामने कमी करणे हाच यावरचा सरळ उपाय आहे.

ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईत वरळीला इंडियाना आणि सॅक्रामेंटो या एनबीए संघांचा पहिला सामना जादा वेळेत 132-131 असा संपला, आणि त्याची रंगत कोणा एका विश्वविख्यात नावावर अवलंबून नव्हती. पहाटे उठून हे सामने पाहणाऱ्या आपल्याकडील तरुणांना माझी विनंती आहे की, त्यांनी सामन्याच्या निदान एक चतुर्थांश भागात तरी चेंडूवरून नजर काढून, चेंडूविना धावणाऱ्या उरलेल्या चौघांकडे पाहावे.