विषमतेची चाल

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की यात्रेतला किंवा जयंतीच्या मंडपातला गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. पाश्चात्त्य वाद्यवृंद ही निराळी व्यवस्था. तिथे पन्नास-साठ वादक दुसऱ्याने लिहिलेले स्वर वाजवतात आणि ज्याच्या हाताच्या इशाऱ्यावर सारे चालते, तो संचालक एकही वाद्य वाजवत नाही. कारखान्याशी इतके साम्य असलेल्या या साधनातून विषमतेवर बोलता येईल काय?

जर्मन संगीतकार हान्स वेर्नर हेन्झे याने तसा यत्न केला. १८१६ साली ‘मेड्युसा’ हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. वरिष्ठ मंडळी होड्यांत बसली. सुमारे दीडशे माणसे, त्यांत बहुतेक सैनिक आणि खलाशी, तराफ्यावर चढवली गेली आणि पुढे तराफा ओढणारे दोरही सोडून देण्यात आले. तेरा दिवसांनी पंधराजण जिवंत सापडले. हेन्झेच्या रचनेत जिवंतांचा गायकवृंद एका बाजूला, त्याच्या साथीला फुंकवाद्ये. मृतांचा दुसऱ्या बाजूला, त्याच्या साथीला तंतुवाद्ये. रचना पुढे सरकते तसे गायक इकडून तिकडे जातात. कोण मेले, हे श्रोत्याला डोळ्यांनी दिसते. ९ डिसेंबर १९६८ रोजी हॅम्बुर्गला पहिला प्रयोग व्हायचा होता. मंचावर लाल झेंडा लागला, गायकांपैकी काहींनी त्याखाली गाण्यास नकार दिला, पोलीस आले आणि प्रयोग झालाच नाही. व्यवस्थेवरची रचना व्यवस्थेच्या सभागृहातच अडली.

आपल्याकडे १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. डफ, तुणतुणे, ढोलकी एवढाच त्यांचा वाद्यवृंद. सभागृहाची गरज नव्हती. ‘मुंबईची लावणी’त अण्णा भाऊंची युक्ती पाहावी. लावणीत नायिकेचे रूप वर्णायचे, त्याच रीतीने ते शहर वर्णितात. मलबार हिल आणि परळ एकाच चालीत येतात. श्रीमंतीला भरजरी सूर नाही, गरिबीला रडका सूर नाही. एका शहराची ही दोन अंगे आहेत आणि एकाच्या घामावर दुसरे उजळते, हे त्या समान ठेक्यातून कळते. धृपद झीलकरी उचलतात, त्यांच्यामागून श्रोते. गाणारा आणि ऐकणारा यांच्यातली भिंत तेवढ्यापुरती पडते.

या दोन्हींच्या तुलनेत शेतकऱ्यावरची आजची पुष्कळ गाणी मला तोकडी वाटतात. एकाकी बासरी, संथ लय, शेवटी हुंदका. ऐकणाऱ्याला कणव येते. पण कपाशीचा तोटा मग दुष्काळासारखा, दैवातून आलेला वाटू लागतो. खामगावच्या बाजारात कापूस आणणाऱ्याला भाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. तो भाव माणसांनी ठरवलेला असतो. हेन्झेने दोर सोडणारे हात विसरू दिले नाहीत, अण्णा भाऊंनी मलबार हिल गाण्याबाहेर ठेवली नाही. आपल्या गाण्यात व्यापारी कुठे आहे? तो गाण्यात येत नाही, तोवर विषमतेला चाल लागली असे मी म्हणणार नाही.